पाण्यातलं पान

चौदा वर्षं मी प्रभुभोजनाचा प्याला ओठांना लावला नाही. लोणावळ्याची आमची ख्रिस्ती मंडळी लहान. उपासनागृहात बाकं नऊ, त्यातली सहा माझ्याच हातची, कारण मी रेल्वेत सुतार. प्याला माझ्यापर्यंत आला की मी मान खाली घालून तो शेजाऱ्याच्या हाती देत असे. पाळकसाहेबांना वाटे, माणूस फार नम्र आहे, स्वतःला अयोग्य समजतो. मीही तसं वाटू दिलं. खरं कारण आज पहिल्यांदा लिहितो आहे.

बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. त्याच साली आमच्या गावी, आंबीला, माझी आई वारली. शेवटच्या घटकेला तिच्या उशाशी धाकटी बहीण तानी फुलपात्र घेऊन बसली होती, पाण्यात तुळशीचं पान होतं. "दादा, तुझ्या हातचं पानी मागतीया ती," तानी म्हणाली. मी फुलपात्र घेतलं, बोटाने पान काढलं आणि दाराबाहेर टाकलं. जुन्या विधींना हात लावायचा नाही, हे तेव्हा नवं नवं शिकलो होतो. आई बघत होती. मी पाणी पुढे केलं, तेव्हा तिने ओठ मिटून घेतले. ते पुन्हा उघडले नाहीत.

"या दारात परत येऊ नगंस," म्हणून तानीने मला घालवून दिलं. पण सांगायची गोष्ट याहून वाईट आहे. पुढच्या रविवारी मी हीच हकिकत मंडळीपुढे साक्ष म्हणून सांगितली, मी विश्वासात कसा ढळलो नाही म्हणून. लोकांनी पाठ थोपटली. त्यानंतर प्याला माझ्यासमोर आला आणि मला आईचे मिटलेले ओठ दिसले. चोरी केली असती तर कबूल करता आली असती. हे पाप मी नियम पाळून केलं होतं. ते कुणापुढे आणि कोणत्या नावाने कबूल करायचं? मग मी स्वतःला आणखी नियम लावून घेतले. चहात साखर नाही, थंडीत घोंगडी नाही, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पाण्याचा थेंब नाही. दरवर्षी त्या दिवशी मी गाडीने तळेगावला उतरे आणि तानीची क्षमा मागायची असं ठरवून आंबीच्या वाटेला लागे. इंद्रायणी दिसली की पाय थांबत. अजून पुरेसे शुद्ध झालो नाही, पुढच्या वर्षी बघू, असं म्हणून मी परत फिरे.

चौदाव्या वर्षी ऊन फार होतं आणि अंगात दोन दिवसांची कणकण होती. नदीच्या उतारावर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खालीच बसलो. समोरून ठाकरवाडीतली एक म्हातारी डोक्यावर हंडा घेऊन चढत होती. पाणी हिंदकळून सांडू नये म्हणून बायका त्यात डहाळी टाकतात, तशी तिने जांभळीची टाकली होती. "काय रं बाबा, पिऊन पडलास व्हय?"

"उपास आहे," मी म्हणालो.

"आन् तू मरतुयास त्ये तुझ्या देवाला दिसंना व्हय? वंजळ कर!"

तिने हंडा कलता केला. पाण्याबरोबर एक पान माझ्या ओंजळीत आलं. सवयीने मी ते झटकायला गेलो, तशी ती खेकसली, "आरं, पान हाय त्ये, इंचू न्हाई! पी की."

मी प्यालो. किती ओंजळी प्यालो, आठवत नाही. अर्धा हंडा रिकामा झाला. मला बोलायचं सुचेपर्यंत ती पुटपुटत पुन्हा नदीकडे वळलीसुद्धा होती. तिला माझं पाप ठाऊक नव्हतं, आणि माझ्या उपासाचं तिला कौतुक नव्हतं. तहानलेला दिसलो, एवढंच तिला पुरलं. कृपा कमवावी लागत नाही, हे मी शेकडो प्रवचनांत ऐकलं होतं. समजलं त्या ओंजळीत. शुद्ध व्हायचं राहूनच गेलं होतं. तसाच उठलो आणि नदी ओलांडली.

तानी अंगणात तांदूळ पाखडत होती. केसांत पांढरे डोकावू लागलेले. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि साक्षीची गोष्टसुद्धा सांगितली. तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आई तुला माफ करून गेली का न्हाई, मला ठावं न्हाई. मी मातुर केलं न्हवतं."

"आणि आता?"

"आता लय दमले, दादा. एवढा राग कोन वागवत बसंल? बस हितं." आत जाऊन तिने पाणी आणलं. हातात देताना तिच्या ओठांच्या कडेला जुनी खोडी उमटली. "पान न्हाई टाकलं. बगून घे."

मी न बघताच प्यालो.

ईस्टरच्या उपासनेत मी उभा राहिलो आणि ती जुनी साक्ष परत घेतली. एक वडीलधारे रागावले, ते अजूनही माझ्याशी बेताचंच बोलतात. पाळकसाहेबांनी प्याला घेऊन माझ्या बाकापर्यंत यायचं तेवढं केलं. आईने ओठ का मिटले, रागाने की थकून, हे मला या जन्मी कळणार नाही. ते मी प्रभूच्या हाती सोडलं आहे. चौदा वर्षं मी योग्य व्हायची वाट बघत होतो. त्या सकाळी मी होतो तसाच होतो, आणि प्याला मी शेजाऱ्याला दिला नाही.