अकरा मिनिटांनी धाकटी

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात तिला सगळे ‘एकदाचबाई’ म्हणत. एकच काम दोनदा करायचं म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या पडत. “एकदाच लिहा, सगळीकडे वापरा,” हे तिचं पालुपद.

म्हणून दुबार नोंदी पुसणारं फंक्शनही, म्हणजे प्रोग्रामचा तुकडाही, तिने एकच लिहिलं. कुठल्याही टेबलाचं, म्हणजे नोंदींच्या तक्त्याचं, नाव द्यायचं. एकाच माणसाच्या दोन नोंदी सापडल्या की ते जुनी ठेवणार, नवी पुसणार. नावं तर प्रत्येक टेबलात वेगळ्याच पद्धतीने लिहिलेली, ती काही जुळेनात. मग नावच वगळलं. आडनाव, जन्मतारीख आणि फोन जुळले की माणूस एकच. कर्मचाऱ्यांच्या टेबलावर ते चाललं, रक्तदात्यांच्या टेबलावर चाललं. काल दुपारी पेशंटच्या टेबलावरही चाललं. साहेबांनी पाठ थोपटली, बाई हवेत.

आज सकाळी तिच्या धाकट्या बहिणीचं ऑपरेशन. कितीला आत नेणार ते बघायला तिने बहिणीचं नाव टाकलं. सापडेना. घरचा फोन नंबर टाकला, तर जुनी पेशंट म्हणून तिचं स्वतःचंच नाव पुढे आलं. खाली ओळ होती: कुठल्याही औषधाची ॲलर्जी नाही.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. जन्मभर जुळी म्हणून मिरवलं आणि नेमकं तेच विसरली! धाकटी होती फक्त अकरा मिनिटांनी. आणि धाकटीला पेनिसिलिन चालत नव्हतं; लहानपणी एका इंजेक्शनने ती निळी पडली होती.

तिने ऑपरेशन थेटरात फोन लावला. सिस्टरनी उचलला.

“पेनिसिलिन देऊ नका! माझ्या बहिणीला चालत नाही!”

“अहो, जरा श्वास घ्या. त्या मघाशी तेच ओरडून सांगत होत्या. वर म्हणाल्या, कागदावर ताईचं नाव आहे, तर ऑपरेशनही तिचंच करा.”

तिला हसू आलं आणि रडूही. धाकटीला तोंड होतं म्हणून वाचली. मग तिने काल पुसलेल्या नोंदींची यादी काढली. जुळ्यांच्या अशा एकतीस जोड्या होत्या. त्यातलं एक बाळ आत्ता तिसऱ्या मजल्यावर दाखल होतं. वय दहा महिने. पुसलेल्या नोंदीत तेच लिहिलं होतं: पेनिसिलिन नको.

तिने तिसऱ्या मजल्याला फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. रिसीव्हर तसाच टेबलावर टाकून ती जिन्याकडे धावत सुटली.