डावीकडची यादी

बीडला कोर्टाजवळच्या गाळ्यात मनिषा तेरा वर्षं डीटीपी करते. वकिलांचे दावे, लग्नपत्रिका, क्लासच्या नोट्स. काम चोख, म्हणून एका संस्थेच्या पंडित सरांनी ऊसतोड बायांच्या हकिगतींचं पुस्तक तिच्याकडंच दिलं. छापायचं नव्हतं, पीडीएफ हवी होती. अनुक्रमणिकेत बोट ठेवलं की ती हकिगत उघडावी, डावीकडं बुकमार्कची यादी असावी, फाईलच्या माहितीत संस्थेचं नाव असावं. तिनं सगळं जोडलं. मग सर म्हणाले, खरी नावं नकोत. तिनं पानापानांवरची नावं बदलली, एकेक लिंक दाबून पाहिली आणि फाईल पाठवून दिली.

चौथ्या दिवशी दुपारी, सहज मोबाइलवर फाईल चाळताना बाजूची यादी उघडली. बुकमार्क तिनं आधीच हातानं टाकले होते. पानं बदलली तरी ते तसेच राहिले होते. अकरा बाया, अकरा खरी नावं. पाचवी ओळ : केशरबाई, दिंद्रुड. मुकादमानं उसाच्या फडात एका बाईला कोयत्याच्या दांड्यानं मारलं, ते सांगणारी.

मनिषानं लगेच पंडित सरांना फोन लावला.

"सर, फाईल कुणाकुणाला गेली?"

"ग्रुपवर टाकली की. कावून?"

तिनं सांगितलं. "डावीकडं कोण बघतंय, मनिषाताई?" सर म्हणाले, पण त्यांचाही आवाज उतरला होता. त्यांनी ग्रुपवरून फाईल काढून टाकली, तिनं दुरुस्त करून दिली. पण ज्यांनी आधीच उतरवून घेतली, त्यांच्याकडं जुनीच राहिली. बाकीच्या बायांना सर फोन करणार होते. केशरबाईकडं फोन नव्हता.

मनिषा गाळा बंद करून एसटीत बसली. माजलगावला गाडी बदलली. शेजारचा माणूस मोबाइलमध्ये काय वाचतोय, हे ती दिंद्रुडपर्यंत चोरून बघत राहिली.

केशरबाई दारात मूग निवडत होती. मनिषानं हळूच सगळं सांगितलं. केशरबाईनं तिला आत घेऊन कवाड लावलं.

"म्या बोलले ते समदं हाय त्यात?"

"हाय मावशी. नावबी हाय. माझीच चूक झाली."

केशरबाईनं आवाज खाली आणला. "मुकादमाचा पुतण्या दोन घरं सोडून ऱ्हातो. दिवसभर मोबाइलातच असतो." मग एकदम तिनं विचारलं, "तू आलीस ते कुणी बघितलं का?"

मनिषाला हे सुचलंच नव्हतं. ती मागच्या दारानं, शेताच्या बांधावरून स्टँडवर गेली.

आठ दिवसांनी बाजारात पुतण्यानं केशरबाईला अडवलं. "काय गं, पुस्तकात काय सांगितलंस?"

"मला कुठं वाचता येतंय?" ती म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली. त्याच संध्याकाळी तिनं भावाला सगळं सांगितलं.

दसऱ्यानंतर ती भावाच्या टोळीत, दुसऱ्या मुकादमाबरोबर ऊसतोडीला गेली. कुठल्या कारखान्यावर, ते भावानं पंडित सरांनाही सांगितलं नाही. मनिषाला ते बरंच वाटलं. पण गाळ्यासमोर अनोळखी मोटारसायकल थांबली की अजूनही तिचा माउसवरचा हात जागच्या जागी थबकतो.