गोधडीचं पोट

धड झोपही नाही आणि धड जागही नाही, अशा मधल्या अवस्थेत मी गोधडीवरच आडवी होते. दुपारची वेळ आहे. फरशीवर गोधडीचे थर अंथरून मी त्यांना कच्चे टाके घातलेत, आणि भिंतीशी माझं शिलाई मशीन तेल पिऊन तयार उभं आहे. पाच मिनिटं पाठ टेकते नि लागते कामाला, असं मी स्वतःलाच बजावते.

गोधडीची वरची बाजू माझी नाही. ती अक्कांची, माझ्या थोरल्या जावेची. लेकीला दिवस गेल्याचं कळल्यापासून अक्का जुन्या लुगड्यांचे तुकडे हातानं जोडत होत्या, त्रिकोणाला त्रिकोण. जोडून झालं आणि श्रावणात अक्का गेल्या. थर घालून शिवायचं तसंच राहिलं. आता ऋतुजाला मुलगी झाली आहे, रविवारी बारसं आहे, आणि काल ती पुण्याहून फोनवर म्हणाली, "काकी, आईची गोधडी बारशाला पाहिजेच. मशीन मारलंस तरी चालेल."

चालेल काय, पळेल! जन्मभर मी मशीनवरच लोकांची पोलकी शिवली. हातानं एवढी गोधडी शिवायची म्हणजे महिने गेले, आणि मशीनवर संध्याकाळपर्यंत मी मोकळी. अक्कांनी नाक मुरडलं असतं, ते खरं. मशीनच्या शिवणीला त्या कधी शिवण म्हणाल्याच नाहीत. पण मेलेल्या माणसांना विचारत बसलं तर जिवंतांची बारशी व्हायची नाहीत.

दाराला मी आतून कडी घातली आहे. तरी अक्का आत येतात. कडी काढल्याचा आवाज होत नाही, आणि मला त्याचं नवलही वाटत नाही. त्या गोधडीच्या कोपऱ्याशी उकिडव्या बसतात आणि कनवटीची सुई काढतात.

"सरक मदी," त्या म्हणतात.

मी सरकते. सुईत दोरा कधी ओवला ते मला दिसत नाही. जिवंत होत्या तेव्हा सुई ओवायला त्या मलाच हाक मारायच्या.

"मशीन मारनार व्हतीस?"

"रविवारी बारसं हाय, अक्का."

"ठावं हाय. मला आवतन न्हाई आलं."

त्या कडेकडेनं शिवू लागतात. टाका, टाका, टाका. सुई कापडातून जाताना जो बारीकसा आवाज होतो, तो मला पाठीखाली ऐकू येतो.

माझी पाठ ओली होते. फरशी नाही, नदीचा घाट आहे, आणि आम्ही दोघी गोधडीसाठी जुनी लुगडी धुतोय. लुगड्यातलं रंगीत पाणी खाली वाहत जातंय. अक्का पाण्यात गुडघाभर उभ्या आहेत, आणि धुता धुताही शिवत आहेत. त्यांचं लुगडं मात्र कोरडं आहे.

"तिकडं करमतंय का?" मी विचारते. सासरहून आलेल्या लेकीला विचारावं तसं.

"न्हाई करमत."

"वळखीचं कोन न्हाई का?"

"हायत की. सासूबाई हायत."

"मंग कसं करमंल!"

आम्ही दोघी हसतो. किती दिवसांनी मी अशी मोठ्यानं हसते आहे. सासूबाईंच्या माघारी त्यांच्यावर हसत हसतच आम्ही दोघींनी या घरात दिवस काढले. मला मूल झालं नाही, तर अक्कांनी ऋतुजाला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं होतं. म्हणाल्या, घे, दोघींत एक. असं माणूस जातं आणि घरात फक्त मशीनचा आवाज उरतो. मला त्यांची फार आठवण येते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, आत्ता घाटावर अक्कांना सांगते.

"म्हनून तर आलो," अक्का म्हणतात.

घाटाची पायरी संपते तिथं दवाखान्याची बाकं सुरू होतात. श्रावणात अक्कांना ठेवलं होतं तोच लांब बोळ, तोच फिनेलचा वास. मी बाकावर नाही, खाली गोधडीवरच बसलेली आहे, अगदी मधोमध. अक्का भोवतीनं शिवत चालल्यात. त्यांचा एक फेरा पुरा होतो, पुढचा त्याच्या आतून सुरू होतो. बोळाच्या टोकाला त्यांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं आहे.

"तुमी तर आत हाय ना, अक्का? मी भाईर बसलीया तुमच्यासाठी."

"आत कोन न्हाई. मी बघून आलो. खाट मोकळी हाय, चादर बदललीया."

"कुनासाठी?"

अक्का दातांनी दोरा तोडतात आणि पुन्हा शिवू लागतात.

आता मला भीती वाटते. आमच्याकडं गोधडी हातानं शिवताना कडेपासून सुरुवात करतात आणि फेऱ्यावर फेरे घालत आत येतात. शेवटी मधोमध वीतभर जागा उरते. तिथं फट ठेवून मूठभर जोंधळे आत सोडायचे आणि मग ती बंद करायची. ते गोधडीचं पोट. मशीनची शिवण या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ जाते, तिला पोट नसतं. पोट उपाशी ठेवलं तर गोधडी माणूस मागते, असं अक्का म्हणायच्या. मी म्हणायची, जोंधळे कसले घालताय, उंदरांची सोय करताय. आणि आता अक्का फेरे घालत माझ्यापर्यंत आल्यात. मी पोटाच्या जागेवर बसले आहे.

"अक्का, जोंधळं आनलं का?"

"तिकडं कुठलं जोंधळं?"

"मंग पोटात काय घालनार?"

त्या पहिल्यांदा वर बघतात. चेहरा त्यांचाच आहे, कपाळावरचं गोंदणही तेच. नजरेत राग नाही. भूक लागलेल्या माणसानं ताटाकडं बघावं, तशा त्या माझ्याकडं बघतात.

"तू चल की माज्यासंगं, मालन. दोघी ऱ्हाऊ."

मेलेल्या माणसानं स्वप्नात बोलावलं तर हो म्हणू नये, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आणि तरी मला जावंसं वाटतं, खरंच वाटतं. इथं माझी वाट बघणारं कोण आहे? दवाखान्याचा बोळ आता इतका अंधारलाय की अक्कांची सुई तेवढी दिसते. सुई माझ्या मांडीपाशी येते. थंड लागते.

हो म्हणायला मी तोंड उघडते, आणि मला ऋतुजाचं बाळ आठवतं. त्याला मी अजून पाहिलंही नाही. फोनवर नुसतं रडताना ऐकलंय.

"येते," मी म्हणते. "पन गोधडी संपवून येते. तुमच्या नातीची हाय. अर्ध्यावर टाकून कशी येऊ?"

अक्का थांबतात. हे त्यांना नाकारता येत नाही. हातातलं काम अर्धं टाकून उठणारी बाई त्यांना जन्मात कधी आवडली नाही.

"कवा संपंल?"

"शिवून झाली की."

"मशीनवर का हातावर?"

मशीनवर म्हटलं तर संध्याकाळ. अक्का टक लावून बघत असतात.

"हातावर," मी म्हणते.

अक्का मान डोलावतात. मग वाकून माझ्याजवळ काहीतरी शिवतात, घाई न करता, गाठ पक्की मारतात.

"मंग बस शिवत," त्या म्हणतात. "मी हाय."

फोन वाजतोय. खोलीत ऊन आहे, फरशी कोरडी आहे, दाराला आतून कडी आहे. मी उठायला जाते आणि पदर मागं ओढला जातो. वाटतं अंगाखाली अडकला असेल. पण पदर गोधडीला शिवलेला आहे, अगदी मधोमध, सगळ्या थरांतून आरपार. माझे कच्चे टाके पांढऱ्या दोऱ्याचे आहेत, हे लाल आहेत. असा लाल दोरा माझ्या घरात नाही. कडेनं घातलेल्या फेऱ्यांचा मात्र कुठं मागमूस नाही.

फोन ऋतुजाचा आहे. "काकी, मारलंस का मशीन?"

"न्हाई. हातानं शिवनार हाय."

"अगं, रविवारपर्यंत कशी होईल?"

"रविवारी न्हाईच व्हायची."

तिचा आवाज चिरकतो. "बारशाला तिच्या अंगावर आईचं काहीतरी हवं होतं गं मला. एवढंच मागितलं होतं."

"बारशाला मी येते," मी म्हणते. "गोधडी मागनं येईल. आईची हाय, जरा दम धर."

"पण कधी?"

"ते मला बघू दे, बाळा."

फोन ठेवून मी त्या लाल टाक्यांवरून बोट फिरवते. हातानं घातलेला टाका, सुईच्या टोकानं उचलला असता तर अलगद निघाला असता. पण तो काढायचं धाडस मला होत नाही. मी कात्री घेते आणि टाक्यांच्या कडेनं माझा पदरच कापते. तुकडा राहतो गोधडीवर, आणि मी उभी राहते.

मशीन कापडानं झाकून ठेवते. डब्यातली सुई काढून दोरा ओवते, त्याला बराच वेळ लागतो. मग गोधडीच्या कोपऱ्याशी, अक्का बसल्या होत्या तिथं, बसते आणि शिवायला सुरुवात करते. टाका जमेल तितका बारीक घालते. बारीक टाक्याला वेळ जास्त लागतो.