येळवसच्या रानातलं भाषण

सकाळी शाळेची रिक्षा गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजवायची आणि माझी लेक नुकतंच प्यायलेलं दूध ओकायची. ताप नाही, पोटदुखी नाही, काही नाही. फक्त हॉर्न. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली आणि म्हणाले, पोटात काही नाही, शाळेत काय आहे ते बघा. मला त्यांचा राग आला, कारण मला ते आधीच ठाऊक होतं.

शाळेत सगळंच होतं. बीडमधली नावाजलेली इंग्लिश मीडियम, टाय, बूट, चारी भिंतींवर अक्षरं. पोरं छोट्या गटातच घडाघडा इंग्लिश आकडे म्हणत. आमची मात्र वर्गात तोंड उघडत नव्हती. घरी कान किटेपर्यंत बडबड आणि घराबाहेर पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप. पालकसभेत मॅडम म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, पण बोलत नाही. घरी पक्कं करून घ्या." काय पक्कं करायचं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

माझा नवरा कोचिंग क्लासला फिजिक्स शिकवतो. त्याने 'पक्कं करणं' लगेच मनावर घेतलं. अक्षरांचा तक्ता आणून बाथरूमच्या दाराला आतून चिकटवला, म्हणजे आंघोळ करताना पोरीची नजर पडेल. पोरीने खडूने सगळ्या अक्षरांना मिशा काढल्या. त्याला हसू आलं नाही, मला आलं, आणि त्या दिवशी आमचं चांगलंच वाजलं.

नंतर मला कोर्टातल्या एका मैत्रिणीने बालवाडी चालवणाऱ्या एका बाईंचं सांगितलं. (मी कोर्टात स्टेनोग्राफर आहे.) मी बघायला गेले. पुढच्या बाजूला बाईंच्या यजमानांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान, आणि मधल्या बोळातून आत गेलं की मोठं अंगण. अंगणात पोरं जुन्या टायरांवर बसून माती मळत होती. एकीकडे रंग, एकीकडे गाणं, आणि लिंबाखाली चौघंजण जुन्या साड्या, टोप्या घालून कसलंसं नाटक करत होती. बाई मुसलमान, रीतसर डी.एड. झालेल्या, बोलायला एकदम रोखठोक. मला पाणी द्यायच्या आधीच म्हणाल्या, "आधीच सांगते ताई, अक्षरं मी शिकवत न्हाई. हात, कान, तोंड मोकळं करून देते. मागून भांडायला येऊ नका."

घरी आल्यावर मी हे जसंच्या तसं सांगितलं. नवऱ्याने कपाळाला हात लावला. "पहिलीत सगळी पोरं वाचत येतील आणि आपली मातीची चिमणी करून दाखवेल. मी रोज बघतो गं. पाया कच्चा राहिलेली पोरं अकरावीत माझ्यासमोर येऊन बसतात. तोवर वेळ गेलेली असते."

त्याचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मलाही धास्ती होतीच. आमच्या वरच्या मजल्यावरची बाई जिन्यात भेटली की तिच्या मुलाला माझ्यासमोर स्पेलिंगं म्हणायला लावायची, आणि मी हसत हसत आतून जळायचे. पण माझ्या डोळ्यांसमोर फिजिक्स नव्हतं, मोरीतलं दूध होतं. मी म्हटलं, आठवडाभर पाठवून बघू, ओकली तर परत त्या शाळेत.

ती ओकली नाही. पहिल्या दिवशी नाही, नंतरही नाही. बोलायला मात्र लगेच लागली नाही. बाई म्हणाल्या, घाई न्हाई. नवऱ्याला पटलं नव्हतंच, पण मोरी आता कोरडी राहायची.

खरी पंचाईत पुढेच होती. माझे सासरे गावी, युसूफ वडगावला असतात. शेती आहे, आणि त्याहून जास्त राजकारण आहे. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं, लेकही आबाच म्हणते, मी मामा म्हणते. निवडणूक कुणाचीही असो, भाषण आबांचंच. नातीला इंग्लिश शाळेत घातलं तेव्हा त्यांनी चौकात पेढे वाटले होते. अशाच कुठल्याशा बालवाडीचा विषय निघाला तेव्हा ते म्हणाले होते, "चिखलात खेळायला बीडला कावून जावं? आपल्या रानात काय चिखल कमी हाय?"

त्यामुळे शाळा बदलल्याचं आम्ही त्यांना सांगितलंच नाही. उद्या सांगू, परवा सांगू, असं करता करता राहून गेलं. मग एकदा त्यांचा फोन आला, "काय म्हणती आमची मड्डम? इंग्लिश बोलती का?" साक्षीदार अडचणीत आला की कसा आवंढा गिळतो ते मी रोज बघते. माझ्या नवऱ्याने अगदी तसाच आवंढा गिळला आणि म्हणाला, "हो, लई बोलती." आबांनी ते तालुकाभर केलं.

अशात येळवस आली, मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडे घरात कुणी थांबत नाही. सगळे रानात. ज्वारीच्या कडब्याची कोप उभी करायची, आत चुना लावलेले दगड पांडव म्हणून पुजायचे, कोपीभोवती ताक-पिठाची आंबील शिंपडत फेऱ्या मारायच्या आणि मग भाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर पोट फुटेस्तोवर खायची. ज्यांना रान नाही त्यांना आग्रहाने बोलवायचं. ओळखीच्या माणसाला येळवसचं आवतण दिलं नाही तर ते मनाला लागतं, देणाऱ्याच्याही. मी लहानपणापासून हेच बघत आले. त्यामुळे आदल्या आठवड्यात लेकीला न्यायला गेले तेव्हा बाई समोर दिसल्या आणि माझं तोंड आपोआप चाललं, "येळवसला आमच्या रानात यायचं हं बाई."

लोक म्हणतात, हो हो, बघू. बाई म्हणाल्या, "येते की. मला यायचंच हाय."

गल्लीच्या वळणावर आल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला.

"तू बाईंना आबांच्या रानात बोलावलंस?" नवरा म्हणाला.  आवतण मागे घेता येत नाही. बाईंना खोटं बोलायला सांगायचं, हे तर माझ्याने होणारच नव्हतं. कळल्यावर आबा काय करतील ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. ते ओरडणार नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन बीडला येतील, त्या शाळेच्या संस्थाचालकांना, जे त्यांच्या बसण्याउठण्यातले, फोन लावतील आणि नातीला हाताला धरून परत त्याच वर्गात बसवतील. माझ्या नवऱ्याने जन्मात कधी वडिलांना नाही म्हटलेलं नाही. मला परत ते दूध, तो हॉर्न दिसायला लागला.

येळवसच्या सकाळी गाडीत नवऱ्याने लेकीला समजावलं, "आबांना शाळेचं काही सांगायचं नाही, बरं का." तिने मान डोलावली. बाई मागे माझ्याशेजारी बसल्या होत्या. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांना सगळं कळलं असणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रानात पोचलो तर आबांनी निम्मा तालुका गोळा केलेला. माजी सरपंच, सोसायटीचे लोक, त्यांचे मित्र, मित्रांचे मित्र. हरभरा घाट्यांनी भरलेला, करडई फुललेली, कोपीवर आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची शाल. बाईंना सगळ्यांनी नमस्कार केला, मी "मैत्रीण" एवढंच सांगितलं. पूजा झाली, फेऱ्या झाल्या, पंगत बसली. मी भज्जी वाढत होते, पण कान आबांकडे होते.

हात धुऊन झाल्यावर आबांनी हाक मारलीच. "या मड्डम. पाव्हण्यांना एक इंग्लिश कविता म्हणून दावा."

लेक माझ्या पदराआड. आबा म्हणाले, "कावून लाजती? बोल की." माजी सरपंच म्हणाले, "बोल बाळा, बोल." कुणी दहाची नोट पुढे केली. तिची बोटं माझ्या दंडात रुतली. आता ही ओकणार, मला वाटलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात बाई लांबूनच सहज म्हणाल्या, "तिला कविता नको. तिला कोण व्हायचंय ते इचारा."

आबांना काही कळलं नाही. पण लेकीची बोटं सैल पडली. ती पुढे गेली, आबांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून घेतला, आपल्या खांद्यावर टाकला, पडलेलं उसाचं एक कांडं उचलून तोंडासमोर धरलं आणि बांधावर चढली. मग ती खाकरली. आबा माइकसमोर खाकरतात तसं, आधी एक बारीक, मग एक मोठं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"बंधू आणि भगिनींनो," माझी लेक म्हणाली, जाड आवाज काढून. "माझी नात लई हुशार हाय. इंग्लिश लई बोलती. पर मी बोल म्हणलं की बोलत न्हाई. तिला भ्या वाटतंय. तिला कुणी बोल म्हणू नका." टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर. "ती आता मोठ्या शाळेत जात न्हाई. ती बाईकडं जाती. तिथं माती हाय. ह्ये आबाला सांगू नका, पप्पा रागावतील. जय हिंद, जय महाराष्ट्र."

आधी माजी सरपंच हसले. मग सगळेच. एक म्हातारा गुडघ्यावर हात मारत म्हणाला, "आबा, पुढल्या सभेला तुमी घरीच बसा." आबा हसले नाहीत. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं.

"काय बे, खरं हाय का हे?"

नवऱ्याने मान खाली घातली. मग, मी आयुष्यभर विसरणार नाही, ती वर केली आणि म्हणाला, "खरं हाय आबा. तिकडं ती रोज ओकत होती. मी तिला परत न्हाई धाडणार."

इतक्या वर्षांत त्याचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आबा बाईंकडे वळले. "हे भाषण तुमी बसवून घेतलं?"

"न्हाई आबा," बाई म्हणाल्या. "आमच्याकडं पोरं रोज सोंगं घेतात. कुणी राजा होतं, कुणी डॉक्टर. ही पहिले दोन महिने कोपऱ्यात बसून नुसती बघायची. मग एक दिवस उठली आन् आबा झाली. तवापासून रोज आबाच होती. दुसरं काही व्हायलाच तयार न्हाई. मला वाटलं, एकदा बघावं तरी हे आबा कोण हायत. म्हणून आले."

आबांनी हात पुढे केला. लेकीने टॉवेल परत दिला. त्याने त्यांनी तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ पुसलं, आणि आत्याबाईंना म्हणाले, "बाईंना आंबील वाढा की. कवाच्या तशाच बसल्यात."

माझा जीव भांड्यात पडला. खोटं कशाला सांगू, मी कोपीमागे जाऊन रडून घेतलं आणि भज्जी वाढलेल्या तिखट हाताने डोळे पुसल्यामुळे आणखी रडले.

निघताना आबा नवऱ्याला म्हणाले, "ऱ्हाऊ दे तिला तिथंच. पर पहिलीला अक्षर आलं पायजे, हे माझं म्हणणं हाय." आता ते गावात सांगतात की नातीला भाषणाच्या खास शाळेत त्यांनीच मुद्दाम घातलं. आम्ही कुणी दुरुस्त करत नाही.

अक्षरांचं काय झालं तेही सांगून टाकते, कारण जिन्यातली बाई अजून विचारते. पहिलीत ती सुरुवातीला मागे होती, चांगलीच मागे. दिवाळीपर्यंत आमचा जीव टांगणीला होता. नवरा क्लासहून आला की तिच्याजवळ बसायचा, पण आता तक्त्याऐवजी तिला दुकानांच्या पाट्या वाचायला लावायचा. संक्रांतीच्या सुमारास ती वाचायला लागली. वरच्या मजल्यावरच्या पोराइतकं वाचते का, ते मला माहीत नाही. मी विचारणं सोडून दिलंय.

पण मला आठवते ती जूनमधली सकाळ. पहिलीचा पहिला दिवस, नवीन शाळा, नवीन दप्तर. मी दुधाचा पेला तिच्या हातात दिला आणि मोरीचं दार आधीच उघडून ठेवलं. नवरा क्लासला गेला नव्हता, उगाच चपला पुसत दारात उभा होता. गल्लीच्या तोंडाशी रिक्षाने हॉर्न दिला.

लेकीने पेला तोंडापासून खाली घेतला. तिचा चेहरा पांढरा पडला, मी बघितलं. मग तिने हाताने दुधाची मिशी पुसली, आधी एक बारीक, मग एक मोठं खाकरली, आणि दप्तर खांद्यावर टाकून रिक्षाकडे चालायला लागली.