खंडेनवमीला मोडलेला पाय

स्कीइंग करताना पाय मोडून घेणारे लोक जगात पुष्कळ आहेत. पण स्कीची पूजा करण्याच्या नादात पाय मोडून घेतलेला माणूस माझ्या माहितीत एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. राहायला न्यूनेनला, नोकरी आइंडहोवनला, जन्म सोलापूरचा. बर्फ उसाच्या रसात घालतात, एवढाच त्यांचा बर्फाशी चाळिशीपर्यंतचा संबंध. मग ऑफिसातल्या डच मंडळींनी त्यांना एकदा ऑस्ट्रियाला नेलं आणि साडू परत आले ते दीक्षा घेतल्यासारखेच. आपल्या देशात डोंगर नाही म्हणून दुसऱ्याच्या डोंगरावरून घसरायला जायचं, ही डच रीत त्यांना मनापासून पटली. नागरिकत्व घेतलं त्या दिवशीसुद्धा ते एवढे डच झालेले नव्हते.

कुठलीही गोष्ट ते आधी नीट समजून घेतात आणि मग करतात; मधला काळ फार मोठा असतो. सुरुवातीला त्यांनी फक्त पडण्याचा अभ्यास केला. सोफ्यावरून गालिच्यावर आधी डावीकडे पडायचं, मग उजवीकडे. आम्ही उइटहॉर्नहून त्यांच्याकडे जेवायला गेलो की आधी हे पाहावं लागे आणि मग पानं वाढली जात. "पडता येणं महत्त्वाचं," ते गालिच्यावरूनच सांगायचे, "उभं काय, कोणीही राहतं." पावसाळी दिवसांत ते स्कीचा चष्मा आणि हेल्मेट घालून सायकलवर ऑफिसला जात. न्यूनेनमध्ये त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नसे, कारण दुसऱ्याने डोक्यावर काय घालावं याची चौकशी डच माणूस करत नाही. ती चौकशी माझी मेव्हणी करायची.

आता खंडेनवमीचं सांगतो. साडूंच्या वडिलांचे सोलापुरात यंत्रमाग होते. खंडेनवमीला माग बंद ठेवून त्यांना झेंडूचे हार घालायचे, ही घरातली रीत. साडूंकडे माग नाहीत. पण रीत आहे. त्यामुळे न्यूनेनच्या बैठकीच्या खोलीत दरवर्षी लॅपटॉप, मिक्सर, सायकल आणि स्कीची जोडी हळदकुंकू लावून ओळीने मांडलेली असते. स्की एरवी माळ्यावर असत. मेव्हणी म्हणाली होती की तिथेच दोन फुलं वाहून या. साडूंना ते मान्य नव्हतं. हत्याराने देवापुढे यायचं असतं, देवाने माळ्यावर जायचं नसतं. डच घरातला माळ्याचा जिना म्हणजे नावाला जिना, एरवी शिडीच. साडू कद नेसून, दोन्ही काखांत एकेक स्की घेऊन उतरायला लागले. कद पायात आला, स्की सुटल्या आणि साडू त्यांच्या मागोमाग आले. इतक्या वर्षांचा पडण्याचा अभ्यास होता, पण तो सगळा सोफ्याच्या उंचीचा.

डावं पाऊल सुजून टम्म झालं. स्कीवर ओरखडासुद्धा नव्हता, हे साडूंनी पहिल्यांदा तपासलं. मग खुर्चीत बसून पूजा पुरी केली आणि कदावरच जाकीट चढवून ते हॉस्पिटलात गेले. तिथल्या नर्सने अपघात कसा झाला विचारलं. साडू खोटं बोलत नाहीत. स्कीमुळे, म्हणाले. कुठे, तर घरी. तिने धीर न सोडता विचारलं की उतार कोणता होता, सोपा निळा की अवघड लाल. साडूंनी थोडा विचार केला.

"लाकडी," ते म्हणाले.

पायाला प्लास्टर बसलं आणि आमच्या सगळ्या गोतावळ्याने ठरवून टाकलं की आता स्कीइंग बंद. पन्नाशी उलटली, शोभतं का, वगैरे. साडू वाद घालत नसत. फेब्रुवारीत जायचंय, एवढंच म्हणत. मेव्हणीने आवाज चढवला तरी तेच, माझ्या बायकोने फोनवरून समजावलं तरी तेच. हा हट्ट कशापायी, हे मला कळलं ते प्लास्टर निघाल्यावर, त्यांना गाडीतून फिजिओकडे नेत असताना. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर डचमध्ये येतं, तेही खोलीचं दार लावता लावता.

"अहो, घरात ती माझ्याशी दोनच शब्द बोलते," साडू समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाले. "ओके आणि स्ट्राक्स. स्ट्राक्स म्हणजे नंतर. ते नंतर काही येत नाही. पण तिकडे डोंगरावर एक जुनी चेअरलिफ्ट आहे, दोघांच्या खुर्चीची, फार हळू जाते. तिच्यात बसली की ती बोलते. हातमोजे असतात, फोन काढता येत नाही. खाली दरी. जाणार कुठे?" मग म्हणाले, "सप्टेंबरात ती मास्ट्रिख्टला शिकायला जाणार. म्हणजे हा शेवटचाच हिवाळा."

 मी वायपर चालू केले, पाऊस नव्हता तरी.

फिजिओ म्हणाली की त्या पायावर न डगमगता उभं राहता येईल तेव्हा बोलू. झालं. साडू जिथे जातील तिथे डाव्या पायावर उभे राहू लागले. सुपरमार्केटच्या रांगेत, दात घासताना, ऑफिसच्या मीटिंगमध्ये. आमच्याकडे सत्यनारायण होता, तर आख्खी आरती एका पायावर. आमच्या ओळखीच्या एक बाई त्यांना नमस्कार करून गेल्या. त्यांना वाटलं, काही नवस असेल.

अखेर जानेवारीत फिजिओने परवानगी दिली, आणि भाचीला घेऊन आम्ही त्यांना छपराखाली कृत्रिम बर्फ पसरलेल्या एका हॉलमध्ये घेऊन गेलो. लहान मुलांचा उतार, त्यांच्या माळ्याच्या जिन्याहून जरा लांब. मी खाली कठड्याशी उभा होतो. साडू वर पोचले आणि तिथेच राहिले. चार-पाच वर्षांची डच पोरं त्यांच्या बाजूने सुळकन खाली जात होती. माणूस पडायला भीत नव्हता. पडलो तर फेब्रुवारी गेला, याला भीत होता. तेव्हा भाची त्यांच्यासमोर जाऊन उलटी उभी राहिली, उताराकडे पाठ करून. दोन्ही हात पुढे केले, तान्ह्या मुलाला चालायला शिकवताना करतात तसे, आणि हळूहळू मागे सरकू लागली.

"या पप्पा," ती म्हणाली. "हळूहळू. मी आहे ना."

मराठीत. साडू निघाले. मला भरून आलं, आणि ते चष्म्यावर धुकं धरल्याच्या नावाखाली खपलं.

फेब्रुवारीत ते दोघं जाऊन आले. खुर्चीत बसून ती काय काय बोलली, हे साडूंनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. सप्टेंबरात ती मास्ट्रिख्टला गेली.

यंदाच्या खंडेनवमीला आम्ही न्यूनेनला होतो. स्की आता माळ्यावर जात नाहीत, बारा महिने देव्हाऱ्याशेजारीच असतात. दोन जोड्या होत्या, साडूंची आणि भाचीची. दोन्हींना हार होते. आरती झाल्यावर प्रसाद देता देता साडू मला म्हणाले, "फेब्रुवारीत येता का? ती खुर्ची दोघांची आहे. एकटा माणूस बसला की कलते."

मला उंचीची भीती वाटते. त्यांच्या माळ्यावरसुद्धा मी आजवर गेलेलो नाही. बघतो, म्हणालो.

तेव्हापासून भांडी घासताना मी एका पायावर उभा राहतो.