पाय टेकायला जागा नसलेला टँगो

वसईच्या चर्चमध्ये शिकलेल्या व्हायोलिनने मला टोरांटोत थेट टँगोपर्यंत नेलं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचो. तिथे माझ्या शेजारी अर्जेंटिनाहून आलेले एक गृहस्थ कामाला असत. ते टँगो, म्हणजे त्यांच्याकडच्या जोडीनाचाचं संगीत, रचायचे आणि बँदोनिऑन वाजवायचे. पेटीचीच बहीण, पण मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी ताणायची. आठवडाभर व्हार्निशच्या वासाने डोकं जड व्हायचं, तरी रविवारी दुपारी मी त्यांच्या ताफ्यात वाजवायला जायचो.

त्यांच्या देशबांधवांचा क्लब एका चर्चच्या बेसमेंटमध्ये भरे. म्हातारी जोडपी नटूनथटून येत, जुन्या टँगोवर त्यांचे पाय आपसूक पडत. एका रविवारी आम्ही या गृहस्थांची स्वतःची नवी रचना काढली. ठेका मध्येच मोडायचा, इलेक्ट्रिक गिटार घुसायची. जोडपी अडखळली, थांबली. एका आजोबांनी येऊन गिटारची वायरच उपटली आणि रचना करणाऱ्या आमच्या गृहस्थांना सुनावलं,

"देश तर गेलाच, आता टँगोही घालवतोस?"

"वाजवू द्या त्यांना!" मागची तरुण पोरं ओरडली. चांगलीच जुंपली. त्या गोंधळात सगळ्यांत आधी कोट चढवला तो या गृहस्थांच्याच बायकोने. तिचा नाच बघूनच हे एकेकाळी तिच्यावर भाळले होते.

"तूसुद्धा?" त्यांनी विचारलं.

"आठवडाभर मी ऑफिसं झाडते. रविवारी मला नाचायचं असतं. तुझ्या या गाण्यात पाय टेकायला जागाच नाही."

स्पॅनिशमधलं हे बोलणं मला गिटारवाल्याने नंतर सांगितलं.

क्लबने बजावलं, जुनं वाजवा नाहीतर येऊ नका. त्यांनी वाद घातला नाही. तो सबंध हिवाळा आम्ही जुनंच वाजवलं. ती नाचायची, हे खाली मान घालून वाजवायचे.

"नवीन लिहिणं सोडलंत का?" एकदा गाडीत मी विचारलं.

"लिहितो ना. भांडायला मात्र अंगात जोर उरत नाही."

पुढे त्या तरुण पोरांनी लायब्ररीतली एक खोली मिळवली. तिथे आम्ही सगळं नवीन वाजवलं. ऐकायला मूठभर माणसं. त्यांची बायको शेवटच्या रांगेत, कोट न काढता, पण अखेरपर्यंत बसली.

"अजूनही नाचता येत नाही," बाहेर पडताना ती इंग्रजीत मला म्हणाली. "पण हे त्याचं आहे, एवढं कळलं."

असे कार्यक्रम नंतर फारसे झालेच नाहीत. कारखाना बंद पडला, ती दोघं मुलीकडे व्हँकुव्हरला गेली. मीही दुसऱ्या नोकरीत नाइट शिफ्टला लागलो. रविवारी आता मी झोपायचो.