सुम्मा मुरगळलेला घोटा

आमच्या अड्यारच्या इमारतीत समोर राहणाऱ्या, तंजावरी मराठी बोलणाऱ्या मामींचा उजवा घोटा वर्षभरात तीनदा मुरगळला आहे. कसा, म्हणून विचारलं की एकच उत्तर: "सुम्मा." म्हणजे तमिळमध्ये उगीच. मी पुण्याहून आलेली फिजिओथेरपिस्ट. घोटा उगीच मुरगळत नसतो, हे सांगून माझी जीभ झिजली.

सूज उतरली की मामींच्या लेखी दुखणं संपलं. घोटा आतून सैलच राहतो, तोल जातो, हे त्यांना पटत नाही. एका पायावर उभं राहायला शिकवलं, तर माझा खांदा घट्ट धरून पाच आकडे मोजतात आणि म्हणतात, "झालें. कॉफी घे."

खरं कारण फाटकाशी आहे. वॉचमनची बायको रोज सकाळी तिथे वाटभर कोलम काढते, तांदळाच्या पिठाची रांगोळी. सगळे खुशाल ती रांगोळी तुडवत जातात. मामी मात्र रेषांमधल्या जागा हेरत उड्या मारतात.

काल मी त्यांच्या मागेच होते. उजवा पाय टेकला आणि डाव्याला जागाच सापडेना. मामी त्याच सैल घोट्यावर, कशालाही न धरता, उभ्या. मी चिडून आकडे मोजू लागले. बावीसला त्या किंचित डुलल्या आणि मी सावरायला धावले.

त्यांनी सावकाश पाय पलीकडे टेकला. मग माझ्या चपलांखाली फिसकटलेल्या पिठाकडे पाहिलं.

"आम्हांला शिकवतेस," त्या म्हणाल्या, "आधी तुझा पाय कुठें आहे तें बघ."